कात्रणाची मागची बाजू

बेझनबाग, नागपूर
१२ जून २०२४

श्री. मनोहरराव रेवतकर यांस,

प्रेमिला सुखदेवेचा जयभीम. आणि नमस्कारही. दोन्ही लिहिले आहेत, तुम्हाला सोयीचा असेल तो ठेवून घ्या.

मी प्रशिकची आई. तुमची मिनल ज्या घरात सून म्हणून आली, त्या घरातली मोठी बाई. मुलांची वकिली करायला हे पत्र लिहिलेलं नाही. कोर्टात लग्न लागलं त्याला सव्वा वर्ष झालं, तुम्ही आला नाहीत, बोलला नाहीत, तो तुमचा प्रश्न. माझा प्रश्न वेगळा आहे.

मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. आता निवृत्त आहे. सकाळी दोन पेपर येतात, ते मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते आणि आवडलेलं कापून ठेवते. आधी मिस्टरांना वाचून दाखवायची. ते गेले. प्रशिक मोबाइलमधून मान वर न करता "छान आहे आई" म्हणतो. मिनल बिचारी ऐकते, पण तिला आठला धंतोलीच्या लॅबमध्ये पोचायचं असतं. वाचलेलं सांगायला माणूस नसला की ते पोटात आंबतं, मनोहरराव.

परवा भाजलेल्या शेंगांची पुडी आणली होती. शेंगा ताटलीत ओतून मी पुडीचा कागद सरळ करून वाचत बसले. मिनल हसली. म्हणाली, "आमचे बाबापण पुडीचा कागद वाचल्याशिवाय फेकत नाहीत."

म्हणून हे कात्रण. तुमचा संत्र्याचा बगीचा आहे, तेव्हा तुम्हालाच पाठवायला हवं. आपल्याकडचा 'नारंग' हा शब्द फारसीत गेला, तिथून अरबीत, तिथून स्पेनमध्ये, आणि फिरत फिरत इंग्रजीत जाऊन 'ऑरेंज' झाला, असं यात लिहिलं आहे. साहेबांकडे त्या रंगालासुद्धा आधी नाव नव्हतं, फळ पोचल्यावर मिळालं.

तुमचा फोन नंबर मिळाला असता, पण फोन कापता येतो. पाकीट निदान उघडावं लागतं. या पत्राबद्दल मिनलला सांगितलेलं नाही.

प्रेमिला सुखदेवे


डोंगरखापा, ता. काटोल
२४ जून २०२४

बाई,

कात्रण मिळाले. वाचले. परत पाठवत आहे.

लिहिणाऱ्याने अर्धवट लिहिले आहे. 'नारंग' जर इथून गेला, तर आपण संत्रा काहून म्हणतो? माझ्या बापाने कधी 'नारंगीचा बगीचा' म्हटले नाही. मंडीत कोणी म्हणत नाही. याचे उत्तर त्यात नाही.

मुलीचा विषय आमच्या घरी बंद आहे. तुम्हीही काढू नये. तुम्ही वयाने आणि शिक्षणाने मोठ्या दिसता म्हणून उत्तर दिले. पुन्हा तसदी घेऊ नये.

मनोहर रेवतकर

ता. क. कात्रणाच्या मागच्या बाजूला एक बातमी अर्धी कापली गेली आहे. दोन शेतकऱ्यांनी एकाच बैलावर हक्क सांगितला, ठाणेदाराने निकाल दिला की बैल चौकात सोडा, ज्याच्या घरी जाईल त्याचा. पुढे लिहिले आहे, "सर्व गावासमोर बैलास सोडण्यात आले व तो" आणि इथे कैची चालली आहे. बैल कोणाकडे गेला ते एका ओळीत कळवावे. फक्त तेवढेच.


बेझनबाग, नागपूर
३ जुलै २०२४

मनोहरराव,

तो पेपर मी रद्दीत दिला होता. तुमचं पत्र वाचल्यावर मलाही चैन पडेना. आमच्या वस्तीतल्या वाचनालयात गेले. तिथे ओमप्रकाश नावाचा मुलगा बसतो, त्याला म्हटलं, मागच्या महिन्याचा गठ्ठा काढ, बैल हरवला आहे. त्याला वाटलं बाईंना ऊन लागलं.

सापडला. बैल दोघांपैकी कोणाकडेही गेला नाही. तो थेट बाजारात गेला आणि एका बाईच्या दुकानातली मेथी खात उभा राहिला. आता ती बाई म्हणते, माझं नुकसान भरून द्या. ठाणेदारांनी दोघांना विचारलं, बैल कोणाचा? दोघंही म्हणाले, माझा नाही.

संत्र्याचंही पाहिलं. जाणकारांत एकमत नाही. काही म्हणतात पोर्तुगालात सिंत्रा नावाचं गाव आहे, त्यावरून आलं. काही म्हणतात छे, शब्द इथलाच. म्हणजे तुमची शंका बरोबर होती आणि लेखकाने ती टाळली.

मुलांचा विषय बंद, हे मान्य. त्याबद्दल एक अक्षर लिहिणार नाही. पण बाकी जगात विषय पुष्कळ आहेत. सोबत एक कात्रण ठेवते. या वेळी मागची बाजू तपासून कापलं आहे, मागे सगळी टायरची जाहिरात आहे.

प्रेमिला


डोंगरखापा
११ ऑगस्ट २०२४

प्रेमिलाबाई,

मेथीवाल्या बाईची बातमी मी पानठेल्यावर सांगितली. दोन दिवस लोक तीच बोलत होते. बाईला भरपाई मिळाली का, ते कुठे आले असल्यास कळवा.

आता माझ्याकडून एक कात्रण. कावळे माणसाचा चेहरा वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात आणि दुसऱ्या कावळ्यांनाही सांगतात, असे परदेशातल्या संशोधकांनी सिद्ध केले म्हणे. मला विचारले असते तर खर्च वाचला असता. मागे बगीच्यात सल, म्हणजे वाळक्या फांद्या, काढताना माझ्या हातून कावळ्याचे घरटे पडले. तेव्हापासून मी बांधावर दिसलो की कावळे डोक्यावर येतात. कवडू, जो माझ्याकडे लहानपणापासून कामाला आहे, त्याला काही करत नाहीत. मी टोपी बदलली. दुपट्टा गुंडाळून पाहिला. तरी ओळखतात. आमच्या मंडळी म्हणाल्या, "दुपट्ट्यानं काय होते जी, चालणं तर तेच हाय तुमचं."

तुम्ही पाठवलेला तुमच्या पेपरातला अग्रलेख वाचला. सरकार पैसे वाटते म्हणून तुमचा संपादक रडतो. बायकांच्या हाती दीड हजार आले तर याचे काय गेले? आणि तरीही मी म्हणतो की कापसाला भाव द्या, वाटायची गरज पडणार नाही. यात तुम्हाला विसंगती वाटेल. मलाही वाटते. लिहून कळवा.

तुमचे पाकीट आले की वनमाला, म्हणजे आमच्या मंडळी, विचारतात कोणाचे. मी सांगितले, टेलिफोन खात्याचे. ते खोटे नाही. त्या म्हणाल्या, "फोन कापून दहा वर्षं झाले, आता काहून बिल पाठवून राहिले?"

मनोहर रेवतकर


बेझनबाग, नागपूर
२७ नोव्हेंबर २०२४

मनोहरराव,

मतदान झालं, निकाल लागला, तुम्ही खूश असाल आणि मी नाही. किंवा उलट. आपण एकमेकांना विचारायचं नाही असं दिवाळीच्या पत्रात ठरलंच आहे. मात्र बोटावरच्या शाईचं कात्रण दोघांनाही चालेल. ती शाई कातडीतल्या मिठाशी जोडली जाते म्हणून धुता येत नाही. माझी अजून आहे. भाकरी थापताना दिसते आणि बरं वाटतं.

तुम्ही पाठवलेलं मधमाश्यांचं वाचलं. थोडं मिनलला, चुकले, थोडं घरात वाचून दाखवलं.

दुसरं कात्रण पाठवावं की नाही याचा बरेच दिवस विचार केला. गावोगावच्या वस्त्यांना जातीवरून पडलेली नावं बदलायची, असा सरकारने चार वर्षांपूर्वी निर्णय घेतला. पुष्कळ गावांनी बदलली. काही गावांत फाटा लागतो तिथे अजून जुन्याच पाट्या आहेत. लेखकाने एवढंच विचारलं आहे की ग्रामसभेच्या एका ठरावाचं काम, मग राहिलं का?

डोंगरखाप्यात काय झालं?

प्रेमिला


डोंगरखापा
६ डिसेंबर २०२४

प्रेमिलाबाई,

डोंगरखाप्यात काही झाले नाही, कारण काही व्हायची गरज नाही. फाट्यावर पाटी आहे. ती माझ्या आजोबांच्या वेळेपासून आहे. वाचणाऱ्याला वाट सापडते, पाटीचे तेवढेच काम. नाव बदलल्याने कोणाच्या ताटात भाकर येत नाही. कवडू त्याच वस्तीत राहतो. इतकी वर्षे आम्ही शेताच्या एका धुऱ्यावर बसून डबा खातो. त्याने कधी शब्द काढला नाही.

हे कात्रण तुम्ही सहज पाठवलेले नाही. मधमाश्या, कावळे, बैल, हे सगळे या एका कात्रणासाठी होते काय? मी साधेपणाने वाचत होतो. तुम्ही मला शिकवत होता.

असे असेल तर इथेच थांबू.

मनोहर रेवतकर


बेझनबाग, नागपूर
१५ डिसेंबर २०२४

मनोहरराव,

हे एक कात्रण मुद्दाम पाठवलं. बाकी एकही नाही. बैलासाठी मी भर उन्हात वाचनालयात गेले ती तुम्हाला शिकवायला नव्हे, बैल कुठे गेला हे मलाही जाणून घ्यायचं होतं म्हणून.

आता एकदाच लिहिते. मी कन्हानजवळच्या एका गावात शाळा शिकले. चौथीत आमच्या वर्गात दोन प्रेमिला होत्या. मास्तरांना हजेरी घेताना घोटाळा होई. तेव्हा त्यांनी एकीला 'गावातली प्रेमिला' म्हणायला सुरुवात केली आणि मला 'पुऱ्यातली प्रेमिला'. पुरा कोणाचा, ते सांगावं लागत नव्हतं. ते सगळं नाव मी इथे लिहीत नाही, तुमच्या फाट्यावरच्या पाटीवर आहेच. मास्तर वाईट नव्हते. त्यांनीच मला पाढ्यांत पहिलं आल्यावर पेन दिलं. पण मी तेव्हा विचार करायची, आम्हीही गावातच राहतो, मग ती एकटीच गावातली कशी?

पुढे टेलिफोन खात्यात लागले. तिथे प्रत्येकीला नंबर होता. मैत्रिणी कुरकुरायच्या, आपल्याला काय नाव नाही? मला तो नंबर फार आवडायचा.

कवडूभाऊ कधी बोलले नाहीत, म्हणता. तुम्ही कधी विचारलंत?

कात्रणं थांबवायची असतील तर थांबवते. पण एक सांगून ठेवते, पोस्टमनची सायकल वाजली की मी हातातलं काम टाकून खाली जाते. या वयात तशी वाट पाहायला लावणारं माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. रागावून का होईना, लिहा.

प्रेमिला


डोंगरखापा
२ फेब्रुवारी २०२५

प्रेमिलाबाई,

तुमचे पत्र आल्यावर महिनाभर मी काहीच केले नाही. मग एक दिवस संत्रा तोडताना कवडूला विचारले, "कवडू, फाट्यावरची पाटी पाहून तुले कसं वाटते गा?"

तो म्हणाला, "पाटीचं काय मालक. चालते."

मी म्हटले, "खरं सांग."

"तुम्ही काहून विचारून राहिले? कोणी काही बोललं का?" आणि तो घाबरला. मी साधा प्रश्न विचारला आणि माझ्यासोबत एवढी वर्षे डबा खाणारा माणूस घाबरला. हे मला आवडले नाही.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. त्याची सून प्रीती अंगणवाडीत आहे. तिने खुर्ची दिली आणि उभ्यानेच सांगितले, "मामाजी बोलणार नाहीत, मी बोलते. माह्या पोराच्या आधार कार्डावर ते नाव आहे, रेशनवर आहे. कुरिअरवाला फाट्यावर उभा राहून फोनवर मोठ्यानं तेच नाव घेते. बसमधले लोक पाहतात. ठराव आम्ही मागच्या साली लिहून दिला होता. सरपंच म्हणते, पुढच्या वेळी."

म्हणून २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी उठलो. म्हटले, हा ठराव घ्या. तेव्हा चंपतराव बोलला. तो माझा चुलतभाऊ, धुऱ्याला धुरा लागून आहे. म्हणाला, "मनोहरले आता पुळका येणारच. पोरगी तिकडं दिली ना त्यानं."

सगळे हसले. मोठ्याने नाही. तसे हसणे जास्त वाईट असते.

मी खाली बसलो. ठराव तसाच राहिला. प्रीती मागे उभी होती, तिने माझ्याकडे पाहिले आणि बाहेर गेली.

हे कोणाला सांगावे ते कळेना. म्हणून तुम्हाला लिहिले.

मनोहर


बेझनबाग, नागपूर
२० फेब्रुवारी २०२५

मनोहरराव,

तुम्ही उठलात, याचं मोल मला कळतं. आधी हे लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाईट वाटेल.

तुमचं पत्र वाचून मी टेबलावर ठेवलं आणि भाजी पाहायला आत गेले. मिनल लॅबमधून लवकर आली होती. मी बाहेर आले तर ती पत्र हातात घेऊन उभी. तुमचं अक्षर तिला ओळखू येणारच.

"अजून आहेत?" तिने विचारलं.

मी कपाटातली सगळी पाकिटं काढून दिली. तिने जमिनीवर बसून एकेक वाचलं. बैलाला हसली. कावळ्यांच्या पत्राला इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते थांबेना.

"आई, कावळ्यांवर दोन पानं लिहिली बाबांनी. मी कशी आहे, एक ओळ नाही?"

मी म्हटलं, "आमचं ठरलं होतं गं, तुझा विषय काढायचा नाही."

"कोणाचं ठरलं? मले विचारलं कोणी?"

तुम्हाला मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, कवडूला विचारलंत का. आणि माझ्याच घरात, माझ्याच समोर जेवणाऱ्या पोरीला मी विचारलं नव्हतं. मला तुमची पत्रं हवी होती. नियम मोडला तर ती बंद होतील, ही भीती होती. तिच्या वाट्याचं जे होतं ते मी माझ्यासाठी राखलं.

शेवटी ती ग्रामसभेच्या पत्राशी परत आली. म्हणाली, "पाटीसाठी उठले बाबा. मग माझं नाव निघालं आणि खाली बसले."

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलते. रात्री प्रशिकने मध्ये पडायचा प्रयत्न केला, त्यालाही बोलणी बसली.

मनोहरराव, मी आता तुम्हाला पत्र लिहिणार नाही, तुमचं आलं तर उघडणार नाही. हा राग नाही. या घरात तुमचं पुढचं पत्र ज्या माणसाच्या नावाने यायला हवं ते नाव माझं नाही. तिच्या हाती ते पडलं की मग आपलं पाहू. तोवर पेपर कापत राहीन.

प्रेमिला


डोंगरखापा
२ मे २०२५

मिनल,

आशीर्वाद. वर काय लिहू, चिरंजीव की सौभाग्यवती, यातच चार कागद गेले. सगळे फाडले. आता नुसतं मिनल लिहिलं.

तुह्या सासूबाईचं पत्र येऊन दोन महिने होऊन गेले. तुले वाटत असन, बापाले अजून वेळ भेटला नाही. वेळ होता. तोंड नव्हतं. ग्रामसभेत मी बसून गेलो हे तू वाचलं, आणि त्यावर तुले पत्र लिहायचं म्हणजे बसल्याबसल्याच लिहिण्यासारखं होतं. म्हणून थांबलो.

काल एक मे. पुन्हा सभा. मी आदल्या दिवशी प्रीतीच्या घरी जाऊन सांगून आलो, कागद तू वाच, मी मागं उभा राहतो. तिनं वाचला. नवं नाव त्यांनीच ठरवलं आहे, पंचशील नगर. मग चंपतरावानं मागच्यासारखंच काढलं. "मनोहर, पोरीच्या सासरकडून सांगून पाठवलं का?"

मी म्हटलं, "हो. तिथूनच कात्रण आलं होतं."

मले भाषण येत नाही, तुले माहीत आहे. मी म्हटलं, "माह्या पोरीचं नाव मिनल. ती नागपूरले बेझनबागेत राहते, तिच्या घरी. जवायाचं नाव प्रशिक. विहीणबाई टेलिफोन खात्यात होत्या आणि माह्यापेक्षा जास्त वाचतात. चंपत, तुले अजून काही विचारायचं असन तर आता विचार, सगळ्यांसमोर. पुढच्या सभेसाठी ठेवू नको."

त्यानं विचारलं नाही. उठून गेला. त्याच्यासोबत सहा-सात जण गेले. उरलेल्यांनी हात वर केले, सरपंचानंही केला, उशिरा. ठराव झाला. कवडूनं मात्र हात वर केला नाही, खाली पाहत बसला होता. घरी येताना मी विचारलं तर म्हणते, "मालक, हात वर करायची सवय नाही." मी म्हटलं, मालक म्हणू नको. तर म्हणते, "त्याचीबी सवय नाही."

चंपतरावानं आज सकाळी धुऱ्यावरचा पाइप काढून नेला. आता त्याच्या विहिरीचं पाणी बंद. उन्हाळा आहे, बगीच्याला जड जाईन. जाऊ दे.

ही झाली सभेची गोष्ट. त्यात मी मोठा दिसतो म्हणून आधी लिहिली. आता दुसरी.

तुझी आई तुह्याशी फोनवर बोलायले गोठ्यात जाते. तिले वाटते, मले माहीत नाही. ती उठली की मी रेडिओ मोठ्यानं लावतो, तिच्या मनाले धीर यावा म्हणून. ती गोठ्यात पोचली की बारीक करतो. तुहा आवाज येत नाही, तिचाच येतो. "जेवली का", "खोकला गेला का", "धंतोलीत गर्दी होती का". त्यावरून तू काय म्हणाली असशील ते मी लावत बसतो. दोन वर्षं मी तुह्याशी असा बोललो. मागच्या पावसाळ्यात तुले टायफाइड झाला होता तेव्हा आई रडत रडत बाहेर आली, आणि मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "कडब्याचं कुसळ गेलं डोळ्यात." मी म्हटलं, "बरं." आणि रात्रभर जागा राहिलो, पण विचारलं नाही. विहीणबाईले त्याच आठवड्यात मी कावळ्यांवर लिहिलं. दुसरं काय लिहावं ते समजत नव्हतं.

जात आडवी आली होती, हे खरं आहे. लोकं काय म्हणतील, हेही खरं. आणि तू मले न सांगता गेली, याचा राग त्या दोघांपेक्षा मोठा होता. आज सांगतो, तू सांगितलं असतं तर मी तुले जाऊ दिलं नसतं. म्हणून तू नाही सांगितलं, ते बरोबर केलं.

येऊ का? एवढं कळव. नाही म्हणायचं असन तर तेही लिही. पण लिही.

तुझा बाबा


बेझनबाग, नागपूर
६ मे २०२५

बाबा,

स्पीड पोस्टानं पाठवून राहिली आहे, म्हणजे शनिवारपर्यंत पोचेल. फोन उचलला होता, पण तुमचा आवाज ऐकल्यावर मला काहीच बोलता आलं नसतं.

पत्र लॅबमध्ये वाचलं. रक्ताच्या नळ्या तशाच ठेवून मागच्या जिन्यात जाऊन बसले. घरी आल्यावर आईंना वाचून दाखवलं, मोठ्यानं. कवडूकाकांचं आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पुन्हा वाच." रेडिओचं आलं तेव्हा उठून आत गेल्या आणि बराच वेळ नळ सोडून उभ्या होत्या. आमचा अबोला तिथेच संपला. त्या आता विचारतात की तुम्हाला पत्र लिहायची परवानगी आहे का. मी म्हटलं, आधी मला भेटू द्या, मग तुम्ही दोघं जन्मभर लिहा.

पाण्याचं काय ते प्रशिकशी बोला. तो कामापेक्षा जास्त काळजी करतो, पण काहीतरी मार्ग काढेल.

मी तुमच्यावर फार रागावले आहे. पत्रानं तो गेलेला नाही. तुम्ही आलात की मी भांडणार. आल्या आल्या नाही, आधी जेवण होऊ देईन. टायफाइडबद्दल वेगळं भांडेन.

रविवारी या, आईला घेऊन. सोमवारी बुद्धपौर्णिमा आहे. घरी खीर असते, संध्याकाळी आम्ही सगळे विहारात जातो. तुम्हाला यायचं असेल तर या, नाही तर गॅलरीत बसा, तिथून वस्तीतले दिवे दिसतात.

रविवारी संध्याकाळी काटोलला परत जायला गाडी आहे, हे मला माहीत आहे. त्या गाडीचं निमित्त आईला सांगू नका. कपडे घेऊन या.

मिनल